जरा उघडून बघू का?

खडकीच्या माणसाला बंद दारांचं शिक्षण लहानपणापासून मिळतं. 1869 सालची अॅम्युनिशन फॅक्टरी इथेच, हाय एक्स्प्लोझिव्हज फॅक्टरी इथेच, बॉम्बे सॅपर्सचं केंद्रही इथेच. जिकडे जावं तिकडे भिंत, भिंतीवर तारा आणि तारांखाली लाल अक्षरांत पाटी: आत येऊ नये, थांबू नये, फोटो काढू नये. सायकलची चेन पडली तरी खडकीकर ती पाटी ओलांडून पुढे गेल्यावर बसवतो. दीडशे वर्षं शेजारी दारूगोळा आहे, पण आत काय आहे ते बघून यावं असं कुणाच्या स्वप्नातही आलेलं नाही.

तोच खडकीकर घरी असताना लाइट गेले, की पाचव्या मिनिटाला फ्रिजसमोर उभा असतो आणि म्हणतो, "जरा उघडून बघू का?"

विचारतो म्हणजे काय, उघडून झाल्यावर विचारतो.

लाइट जाणं पुण्याला नवं नाही. गुरुवार तर त्यासाठी राखूनच ठेवलेला. देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद आणि बऱ्याचदा पाणीही बंद, त्यामुळे पुण्यात गुरुवारचा उपास करणाऱ्यांत दत्तभक्त किती आणि परिस्थितीने भाग पाडलेले किती, हे सांगणं कठीण. पण गुरुवारचं जाणं सभ्य असतं. आधी कळवून जातात, साधारण सांगून येतात. खरा घात वळवाचा पाऊस करतो. कॅन्टोन्मेंटात जुनी, ऐसपैस झाडं भरपूर. मे महिन्यात दुपारी चारला आभाळ भरून येतं, वारा सुटतो, कुठेतरी फांदी कडाडते आणि पंखा हळूहळू थांबतो. पहिली प्रतिक्रिया गॅलरीत धावण्याची. समोरच्या इमारतीतही अंधार दिसला की जिवाला बरं वाटतं. "सगळ्यांचेच गेलेत," असं ज्या समाधानाने घरात येऊन सांगितलं जातं, त्या समाधानाने आम्ही मुलांचे निकालही सांगत नाही.

मग फ्रिज आठवतो.

माझं निरीक्षण असं, की लाइट गेल्यावर अन्न नासतं ते विजेवाचून कमी आणि घरच्यांच्या काळजीने जास्त. बाबा दार उघडतात ते आत अजून गार आहे का ते पाहायला. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा ते दुधाच्या पातेल्याला हात लावतात, आणि "आहे अजून" असं म्हणून जे गार होतं त्यातलं थोडं बाहेर सोडून दार लावतात. धाकटा उघडतो कारण पाणी कोमट होण्याआधी प्यायला हवं. वहिनी उघडते ती काय काय नासू शकेल याची यादी करायला. काकू उघडतात कारण आधीच्या तिघांपैकी कुणीतरी दार नीट लावलं नसेल अशी त्यांची खात्री असते, आणि ते नीट लागलेलं आहे हे पाहण्याचा त्यांना माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे ते उघडून पुन्हा लावणं.

या सगळ्यांनी हात बांधून बसायचं ठरवलं, तर गणित सोपं आहे. अमेरिकेचं कृषी खातं या बाबतीत फार नेमकं बोलतं: दार न उघडल्यास फ्रिजमधलं अन्न साधारण 4 तास सुरक्षित राहतं. फ्रीझर खच्चून भरलेला असेल तर 48 तास, अर्धा भरलेला असेल तर 24. रेषा 4 अंश सेल्सिअसची. तिच्या वर गेलं की जंतूंचा संसार सुरू होतो, आणि उबेत त्यांची संख्या वीस-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. पुढची सूचना मात्र वाचून आमच्या घरात शांतता पसरली: अन्न चांगलं आहे की नाही हे चव घेऊन ठरवू नका.

मग कसं ठरवायचं? आमच्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या नाकाने झालेलं आहे. आमटीच्या पातेल्यावरचं झाकण तिरकं करायचं, नाक आत घालायचं, क्षणभर डोळे मिटायचे. नंतर "मला काही कळत नाही, तू बघ" असं म्हणून पातेलं दुसऱ्याकडे द्यायचं. चार नाकांतून फिरून आमटी परत आली की बहुमत घ्यायचं आणि मग आईने जे आधीच ठरवलेलं असतं ते करायचं. विज्ञान म्हणतं, की वास येतो तो पुष्कळदा निराळ्याच जंतूंमुळे. पोट बिघडवणारे वास न मारता शांतपणे आपलं काम करतात. त्यातले काही तर असं विष सोडून जातात, की नंतर कितीही उकळा, जंतू मरतात आणि विष राहतं. दुधाच्या मिठाया, क्रीमचे केक यांच्यावर त्यांचा विशेष लोभ. शिजवलेल्या भातातल्या एका जातीचे बीजाणू तर शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट झाला की डोळे उघडतात. फोडणीच्या भातावर वाढलेल्या महाराष्ट्राला ही बातमी सांगणं धाडसाचंच आहे. मी सांगितली. "मग आम्ही जगलो कसे?" असा प्रश्न आला, आणि त्यावर कृषी खात्याने काही लिहिलेलं नाही.

आमच्या तळमजल्यावर एक सुभेदारसाहेब राहतात, सॅपर्समधून निवृत्त. पूल बांधणं, सुरुंग काढणं यांत उमेदीची वर्षं गेलेली. निवृत्तीनंतर बांधायला पूल नाही आणि काढायला सुरुंग नाहीत, त्यामुळे इमारतीचे लाइट गेले की त्यांचा चेहरा खुलतो. गेल्या उन्हाळ्यात झाड पडून तारा तुटल्या आणि "सकाळपर्यंत काही खरं नाही" असं कळलं, तेव्हा ते जिन्यात उभे राहिले आणि हुकूम सुटला: "फ्रिज कोणी उघडणार नाही. ज्याला काही काढायचं असेल त्याने आधी मला सांगायचं, काय काढायचं, कुठल्या कप्प्यातून आणि किती वेळात."

खडकीची लढाई झाली ती 5 नोव्हेंबर 1817 ला. बापू गोखले मैदानात होते आणि दुसरे बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. आमच्या इमारतीत सुभेदारसाहेब जिन्यात होते आणि बाकीचे गॅलऱ्यांतून पाहत होते.

सुभेदारांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. गारवा ही पैशासारखी वस्तू नाही, की बँकेत पडून राहील. पण बर्फ हा गारव्याचा खरा साठा. एक किलो बर्फ वितळायला जितकी उष्णता लागते, तेवढीत शून्य अंशाचं एक किलो पाणी 80 अंशांपर्यंत तापतं. म्हणून फ्रीझरमध्ये मोकळी जागा ठेवायची नाही. बाटल्या, पिशव्या, डबे, मिळेल त्यात पाणी भरून गोठवून ठेवायचं. लाइट गेले की त्यातल्या दोन बाटल्या खालच्या कप्प्यात दुधाशेजारी बसवायच्या. इथे आईचा ऐतिहासिक विजय झाला. आमचा फ्रिज जुना, एका दाराचा, आणि फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थर. "डीफ्रॉस्ट कर, डीफ्रॉस्ट कर" म्हणून वर्षानुवर्षं तिला टोकलेलं. त्या रात्री वरच्या मजल्यावरच्यांच्या चकचकीत, दोन दारांच्या, बर्फाचा कणही न धरणाऱ्या फ्रिजमध्ये मटार मऊ पडले, आणि आमच्याकडच्या हिमालयाखाली आमरसाची पिशवी दुसऱ्या दिवशी सकाळीही दगडासारखी होती. आई काही बोलली नाही. तिने फक्त ती पिशवी टेबलावर आपटून दाखवली.

बंद दारावर माझा विश्वास बसला तो मात्र एका जहाजामुळे. 1833 साली 'टस्कनी' नावाचं जहाज अमेरिकेतल्या बॉस्टनहून बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. तळ्यात गोठलेल्या बर्फाच्या लाद्या, भोवती लाकडाचा भुसा. साधारण 180 टन बर्फ, चार महिन्यांचा प्रवास, वाटेत दोनदा विषुववृत्त. कलकत्त्याला पोचला तेव्हा त्यातला 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. वीज नाही, कॉम्प्रेसर नाही. हे कसं जमलं याचं श्रेय सगळे भुशाला देतात. माझ्या मते खरं कारण वेगळं आहे: जहाजावर आमच्या घरातलं कुणी नव्हतं. दर दहा मिनिटांनी तळघराचं झाकण उचलून "आहे का अजून?" विचारणारे बाबा त्या जहाजावर असते, तर कलकत्त्याला नुसतं कोमट पाणी आणि ओला भुसा उतरला असता.

अमेरिकेतला बर्फ पुढे मुंबईतही आला. जमशेटजी जीजीभॉय यांनी एका मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खिलवलं, मग त्यांना सर्दी झाली, आणि परक्या मुलखातली वस्तू खाल्ल्याचं हे योग्यच फळ आहे असं वर्तमानपत्राने छापलं, असा किस्सा सांगतात. तेव्हा आइस्क्रीमनंतर खोकला आला तर "सांगत होते ना?" म्हणणाऱ्या काकू एकोणिसाव्या शतकातही होत्या आणि त्यांना छापखानाही उपलब्ध होता, असं दिसतं.

खडकी बाजारात मासळीवाल्यांकडे बर्फाची लादी आजही भुसा आणि गोणपाट यांतच येते. त्या दिवशी सुभेदारांनी दोन पोरांना पिटाळून अर्धी लादी आणवली, पत्र्याच्या टबात ठेवली, वर गोणपाट, त्यावर जुनी सतरंजी. "प्रत्येक घरातून फक्त जोखमीची वस्तू येईल," ते म्हणाले.

जोखमीची वस्तू कोणती हे ठरवताना प्रत्येक घराचा फ्रिज चव्हाट्यावर आला, आणि या लेखाचं खरं कारण तेच आहे. बाहेरून माणूस कितीही नीटनेटका दिसो, त्याचा फ्रिज त्याला ओळखतो. एका घरातून नऊ अर्ध्या चिरलेल्या लिंबांच्या फोडी निघाल्या. एका घरात टॉर्चच्या बॅटऱ्या होत्या, "गार ठेवल्या की टिकतात" म्हणून. त्याच घरात टॉर्च लागेना. तिसऱ्या मजल्यावर एक डबा होता, त्यात काय आहे हे घरातल्या चौघांनाही माहीत नव्हतं, तरी टाकायला कुणी तयार नव्हतं, कारण तो सासूबाईंनी दिलेला होता. डबा की आतलं, हेही स्पष्ट झालं नाही. हॉटेलच्या चटण्यांच्या पुड्या, मागच्या संक्रांतीचा गूळ, अबोलीची वेणी, फेस पॅक, गंगेची बाटली. यातलं बहुतेक सगळं टबाबाहेर महिनाभर राहिलं तरी काही बिघडलं नसतं. लोणचं, मुरांबा, सॉस, अख्ख्या भाज्या, अख्खी फळं, लोणी, ब्रेड यांना एका रात्रीच्या अंधाराची फिकीर नसते. फिकीर करायची ती दूध, पनीर, मासे, मटण, शिजवलेलं अन्न आणि कापलेली फळं यांची. पण लोक टबाशी धावत आले ते लिंबं घेऊन.

एका वस्तूपुढे मात्र सगळे बाजूला झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचं इन्सुलिन. ते थेट बर्फावर ठेवलं आणि गोठलं तर कामातून गेलं, म्हणून सुभेदारांनी ते डबीत घालून, फडक्यात गुंडाळून, माठाशेजारी ओल्या वाळूच्या कुंडीत बसवलं. वापरात असलेली बाटली साध्या, बेताच्या गारव्यात काही आठवडे चालते, हे आजोबांना डॉक्टरांनी सांगितलेलं होतंच. तरी रात्री दोनदा ते कुंडीपाशी येऊन बघून गेले. त्यांना कुणी हटकलं नाही.

पहिल्या मजल्यावरच्या अम्मांची अडचण निराळी. त्यांचे वडील फॅक्टरीत नोकरीला मद्रासकडून आले, तेव्हापासून त्यांच्या घरात इडलीचं पीठ नाही असा दिवस नाही. उकाड्यात फ्रिज बंद पडला, की इमारतीत एकट्या त्या पिठाला आनंद होतो. संध्याकाळी सातला ते पातेल्याच्या काठाशी होतं, आठला झाकण उचलून बाहेर डोकावत होतं. "अजून एक तास, मग हे स्वतःच जिना उतरेल," अम्मा म्हणाल्या. तेव्हा गॅस पेटला आणि आमच्या मजल्यापर्यंत इडल्यांची थाळी आली.

आईची चिंता सायीची होती. रोजच्या दुधाची साय डब्यात साठवायची, डबा भरला की विरजण, मग लोणी, मग तूप: मराठी घरातली ही मुदत ठेव. लाइट गेले आणि ठेव बुडण्याच्या बेताला आली. उपाय एकच, आत्ताच लोणी काढायचं. पण मिक्सरलाही वीज लागते, हे साय हातात घेतल्यावर लक्षात आलं. माळ्यावरून आजीची रवी उतरवण्यात आली. बाबांनी ती दोन मिनिटं फिरवली आणि विजेचं महत्त्व या विषयावर बोलू लागले. लोणी गोळा व्हायला गार पाणी हवं, म्हणून फ्रिज उघडण्याची लेखी नाही तरी तोंडी परवानगी जिन्यात जाऊन घ्यावी लागली. "एकदाच," सुभेदार म्हणाले, "आणि दहा आकडे मोजायच्या आत बंद."

या धांदलीवर हसणारी एकच व्यक्ती होती, आमची परभणीची आत्या. ती नेमकी मुक्कामाला आली होती. 2006 साली पुण्यात भारनियमनमुक्तीचा प्रयोग झाला. कारखान्यांनी आपापले जनरेटर चालवायचे, त्याचा जादा आकार ग्राहकांनी भरायचा आणि शहराचे दिवे चालू राहायचे. त्या काळात आत्याच्या गावी लाइट जाण्याचं वेळापत्रक होतं आणि येणं ही बातमी होती. तिने फ्रिज तेव्हाच घेतला, पण त्याचा उपयोग कपाट म्हणून केला. वरती पापड, खाली डाळी, दारात शिवणाचं सामान. "तुमचं काय होतं," ती म्हणाली, "तुम्ही फ्रिज आहे म्हणून जास्त करता. आम्ही लाइट नाही म्हणून बेताचं करतो." दूध ती सकाळ-संध्याकाळ तापवायची, पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, वर जाळी. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून कुणी तिला उत्तर दिलं नाही. वहिनीने तिला आणखी एक इडली वाढली.

पुणेकराला मुळात अंधाराचा सराव कमी आणि त्याची तक्रार करण्याचा जास्त. 9 फेब्रुवारी 2022 ला पहाटे धुकं आणि दवामुळे लोणीकंद आणि चाकण भागातल्या अतिउच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग काळोखात गेला. धुक्याने शहर बंद पडलं याचं लोकांना आश्चर्य वाटलंच, पण त्याहून मोठा धक्का निराळा होता. तो बुधवार होता. "आज गुरुवार नाही," हे आमच्या इमारतीत त्या सकाळी ज्या सुरात ऐकू आलं, त्या सुरात माणसं अन्यायाविरुद्ध मोर्चा काढतात.

इन्व्हर्टर आता बहुतेक घरांत आहे, पण त्याची वाटणी बघा. त्यावर पंखा चालतो, दिवा चालतो, राऊटर चालतो, टीव्ही चालतो. फ्रिज बहुधा नाही, कारण कॉम्प्रेसर सुरू होताना एकदम जो करंट ओढतो तो लहान इन्व्हर्टरला झेपत नाही. त्यामुळे सगळं घर पंख्याखाली बसून मालिका बघतं आणि स्वयंपाकघरात सुरमई एकटीच परिस्थितीला तोंड देते. त्या रात्री सुरमईला वाचवायचा मार्ग एकच होता, तो म्हणजे खाणं. वितळायला लागलेली मासळी, चिकन, कबाब, सगळं रात्री दहाला चुलाणावर चढलं. आठवड्याच्या शाकाहारी वारांची यादी तोंडपाठ असलेल्या काकांनी वार कुठला हे विचारायचं कटाक्षाने टाळलं.

लाइट आले पहाटे. येताना दुसऱ्यांदा गोंधळ, कारण आले की लगेच गेले, मग परत आले. जाणत्यांनी फ्रिजचं बटण बंदच ठेवलं होतं. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायला तीन-चार मिनिटं लागतात, त्याआधी झटके बसले तर तो धाप टाकतो, कधी कायमची. सुभेदार घड्याळ बघत जिन्यात उभे होते. "आता," असं ते म्हणाले आणि मजल्यामजल्यावरून एकेक घरघर सुरू झाली.

सकाळी शेवटचा वाद फ्रीझरचा. वितळलेलं परत गोठवायचं का? आत अजून बर्फाचे कण असतील किंवा वस्तू फ्रिजमधल्याइतकी गार असेल, तर गोठवायला हरकत नाही. चव थोडी उतरते एवढंच. मटारांचे कण शिल्लक होते, ते वाचले. पनीर हाताला कोमट लागलं. काकू म्हणाल्या तळून बघू. वहिनी म्हणाली टाकू. बाबा म्हणाले वास घेऊ. पनीर गेलं, पण तीन दिवस जेवताना त्याची आठवण निघत होती.

पुढच्या वेळी असा वाद नको, म्हणून सुभेदारांनी सगळ्यांना फ्रिजमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्यायला लावला. चारच्या वर काटा गेला किती वेळ हे कळलं की नाकांची गरज नाही, असा त्यांचा हिशोब. आम्हीही घेतला, दुधाच्या मागे टांगला. परवा संध्याकाळी अर्धा तास लाइट गेले.

"किती झालं?" आईने आतून विचारलं.

"पाच मिनिटांपूर्वी सहा होतं," बाबा म्हणाले, "आत्ता सात आहे. मगाशी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चार होतं. कसं भराभर वाढतंय बघ. थांब, परत बघतो."